भुसा

वखारीतला भुसा आम्ही सर्कशीला द्यायचो,
पोत्यामागे अडीच रुपये, वर चार पास.
द्वारकेवरून हातगाडी निघायची,
शालिमार, सीबीएस,
अशोकस्तंभापाशी थांबून दम खायचा,
मग डोंगरे मैदान.
आण्णा पुढून ओढायचे, मी मागून रेटायचो.
मॅनेजर मूठभर भुसा नाकाशी धरून बघायचा :
सागाचा नको, घोडे शिंकतात.
वाघांचं काही बोलला नाही.

तंबूच्या मागच्या अंगाला शेवंता.
मागच्या डाव्या पायात साखळी, साखळीला खुंटा,
आणि ती हलत होती,
पुढं, मागं,
पुढं, मागं.
सकाळी पाहिली तशी दिवेलागणीला,
तिसऱ्या दिवशीही तशीच.
मी म्हटलं, आण्णा, नाचतीये बघा.

आण्णांनी खांद्यावरचं पोतं उतरवलं.
बावीस वर्षं आऱ्यावर गेलेला माणूस,
ओंडक्यावर उभा एक जण, खाली खड्ड्यात एक,
खड्ड्यातले ते आण्णा, पापण्यांवर कायम भुसा.
बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, नाचत नाही रे. कापतीये.

काय कापतीये, ते मी विचारलं नाही.

खोटं कशाला सांगू, खेळ मला आवडला.
मी आणि तान्ही मावशी आणि शेजारचे दोघे,
शेवंतानं सोंडेत घंटी धरून आरती केली,
इवल्याशा स्टुलावर चारी पाय गोळा करून उभी राहिली,
आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.
आण्णा बाहेर गाडीपाशी बसून होते.
पास होता त्यांच्याकडे.

माहूत वासवन तिच्या पोटाखालीच झोपायचा.
चाळीस भाकरी रोज, तो सांगायचा, ऊस वेगळा.
आमच्याकडे भाकरी मोजून व्हायच्या.
घरी मी हे सगळं आईला सांगितलं,
म्हटलं, तिची तर चैन आहे.
आई काही म्हणाली नाही, तवा उतरवला.
आण्णा म्हणाले, आपल्याला अमावास्येची सुट्टी असते.

त्याला तीन सिंहस्थ उलटले.
सर्कशीत आता जनावरं नाहीत, कायदा झाला.
शेवंता कुठं गेली असेल, वासवन कोणाच्या पोटाखाली झोपला असेल,
मी चौकशी केली नाही. कोण करतं?

मागच्या थंडीत आमच्या कॉलनीत बिबट्या शिरला,
मखमलाबादच्या मळ्यांकडून आला म्हणे.
जिन्याखाली सापडला, सुई मारून पिंजऱ्यात घातला.
गाडी निघेना, एवढी माणसं.
एक जण चपलेनं गज वाजवत होता,
उठावा म्हणून.
नातू माझ्या खांद्यावर. म्हणाला, आजोबा, अजून जवळ.
आणि मी गेलो जवळ.
पाय आपोआप गेले, ओळखीच्या रस्त्यानं जावेत तसे.
एक डोळा अर्धा उघडा होता.
त्यात आम्ही सगळे होतो, बारीक, उलटसुलट,
हात वर केलेले.

रात्री झोप येईना तेव्हा ते आठवलं.
सर्कस उठल्यावर दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला पाठवलं होतं,
रिंगणातला भुसा परत भरून आण, बंबाला होईल.
मैदानात नुसता तो पिवळा गोल उरला होता,
आणि खुंट्यापाशी, जिथं ती उभी असायची,
जमिनीत दोन खोल घळी.
मी त्यात उतरून पाहिलं.
गुडघ्याएवढ्या.

सात पोती भरली. पंधरा दिवस पुरली.
बंब पेटला की मोरीतून घरभर वास यायचा,
ओल्या लाकडाचा, लघवीचा, वाघाचा.
आई खिडक्या उघडायची.
पाणी मात्र छान कढत व्हायचं,
आणि आम्ही एकामागून एक
अंगाला साबण लावून
त्याच पाण्यानं
स्वच्छ व्हायचो.